गर्जणारा धूर

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झांबेझी ही महानदी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात पूर्वी मकोलोलो लोकांचे राज्य होते. इ. स. १८५१ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश धर्मोपदेशक व प्रवासी तेथे पोहोचला, तेव्हा राजा सेबितुआने याने त्याला एक विलक्षण प्रश्न विचारला. तुमच्या देशात गर्जणारा धूर आहे काय, असा तो प्रश्न होता! आपल्या नदीवरील प्रचंड धबधब्यास ते लोक ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणजे ‘गर्जणारा धूर’ म्हणत. तो धूर प्रत्यक्ष पाहण्यास लिव्हिंग्स्टनला आणखी चार वर्षे लागली.

दिनांक १६ नोव्हेंबर १८५५ रोजी तो होडीतून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली निघाला. धबधबा अद्याप काही मैल दूर होता, तरी रानाला वणवा लागावा तसे वाफेचे पाच लोट आकाशात चढताना दिसत होते. त्या सुमारास नदीचे पाणी फार ओसरलेले असते. म्हणूनच कुशल नावाड्यांना खडक चुकवीत होडी अगदी कड्याच्या ओठावरील एका बेटापर्यंत नेता आली. बेटाच्या टोकाशी सरपटत जाऊन लिव्हिंग्स्टनने खाली डोकावले. एवढी रुंद नदी जणू जमिनीच्या पोटात नाहीशी होत होती! समोर हाकेच्या अंतरावर तितकाच उंच दुसरा कडा उभा होता आणि दोहोंमधील अरुंद दरीत पाणी कोसळत होते.

त्याने नजरेने अंदाज बांधला : नदीची रुंदी एक हजार यार्ड आणि धबधब्याची उंची शंभर फूट. हा अंदाज फारच चुकला होता. तुषारांनी तळ झाकलेला. तुलनेसाठी जवळ घर नाही की मंदिराचे शिखर नाही. अशा जागी सरावलेली नजरही फसते.

त्या बेटावर त्याने फळझाडांच्या कोया व कॉफीच्या बिया पेरल्या आणि एका झाडाच्या सालीवर आपल्या नावाची आद्याक्षरे व वर्ष कोरले. एवढा मिरवण्याचा मोह आपण याच एका ठिकाणी आवरला नाही, अशी कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिली आहे. आपल्याकडील गडकोटांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना तेवढीही लाज वाटत नाही. धबधब्याला त्याने इंग्लंडच्या राणीचे, व्हिक्टोरियाचे, नाव दिले. जगात तेच नाव रूढ झाले. परंतु त्या काठावरील लोकांना धबधबा ठाऊक होता, त्याचे नावही ठाऊक होते, हे विसरून चालणार नाही.

या प्रवासात लिव्हिंग्स्टनबरोबर शंभराहून अधिक माणसे होती. सेबितुआनेचा पुत्र राजा सेकेलेटू याने ती त्याच्या हवाली केली होती. इ. स. १८५६ मध्ये त्यांना झांबेझीच्या काठी टेटे या पोर्तुगीज ठाण्यात ठेवून, मी परत येऊन तुम्हांला घरी पोहोचवीन, असे वचन देऊन तो स्वदेशी गेला. माणसे लाकडे तोडून, शिकार करून पोट भरू लागली. तुमचा इंग्रज काही परत येत नाही, असे म्हणून टेटेतील लोक त्यांना टोचीत. तशातच देवीच्या साथीत तीस जण दगावले आणि सहा जणांची हत्या झाली. इ. स. १८५८ मध्ये लिव्हिंग्स्टन खरोखरच परत आला, तेव्हा उरलेल्यांच्या आनंदास पारावार राहिला नाही. त्यानंतरही निघण्यास दीड वर्षाहून अधिक काळ गेला, आणि तोवर कित्येकांनी टेटेतच संसार थाटले होते. ते मागे राहिले. काही जण तर निघाल्यावर वाटेतून परतले.

मे १८६० मध्ये बाकीच्यांना घेऊन तो टेटेहून पायी निघाला. त्याचा भाऊ चार्ल्स आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जॉन कर्क हे बरोबर होते. सुमारे तीन महिन्यांच्या चालीनंतर ऑगस्टमध्ये ते धबधब्याशी आले. पेरलेल्या बागेची पाणघोड्यांनी पार धूळधाण केली होती! पण या वेळी लिव्हिंग्स्टन मोजमापाची तयारी ठेवून आला होता. एका लांब दोरीला त्यांनी बंदुकीच्या गोळ्या व हातभर पांढरे कापड बांधले. एकाने पुढे आलेल्या खडकावर पालथे पडून डोके कड्याबाहेर काढले, आणि इतरांनी दोरी सोडण्यास प्रारंभ केला. शंभर फूट झाले, दोनशे झाले, तीनशे झाले! ३१० फूट दोरी सुटल्यावर वजन एका उतरत्या कपारीवर टेकले. पाणी अजून खालीच होते, आणि ते कापड वरून एखाद्या नाण्याएवढे दिसत होते. नदीची रुंदी कोनमापक यंत्राने मोजली, ती १८६० यार्डांहून किंचित अधिक भरली. वर्षही १८६० होते. म्हणून ते वर्ष लक्षात राहावे यासाठी त्यांनी तोच आकडा कायम ठेवला. आज धबधब्याची रुंदी सुमारे १,७०८ मीटर आणि उंची १०८ मीटर मानतात. हिशेब करून पाहावा, म्हणजे दोरीचे व यंत्राचे काम किती चोख होते ते कळेल.

कारण शोधताना मात्र लिव्हिंग्स्टन चुकला. भूमी अकस्मात दुभंगून ही दरी झाली, असे त्याला वाटले. आजचे भूवैज्ञानिक तिचे श्रेय नदीला देतात. तेथील खडक सह्याद्रीच्या कातळासारखाच लाव्हारसापासून बनलेला, काळा व कठीण आहे. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर तो सुमारे १८ कोटी वर्षांचा. त्यात ठिकठिकाणी भेगा असून त्या मऊ द्रव्याने भरलेल्या होत्या. पाणी हे मऊ द्रव्य वाहून नेते, भेगेची दरी होते आणि नदी तिच्यात कोसळू लागते. कालांतराने तिला मागे दुसरी भेग सापडते व धबधबा मागे सरतो. खालच्या बाजूस नागमोडी गेलेल्या खोल घळी म्हणजे त्याच्या जुन्या जागा होत. आताच्या कड्यालाही एका टोकाशी नदी नवी खाच पाडीत आहे.

मोजमाप आटोपून ती मंडळी नदीच्या वरच्या अंगाला सेशेके गावी गेली. राजा सेकेलेटू तेव्हा दुर्धर रोगाने आजारी होता. टेटेहून आलेली माणसे आपापल्या लोकांत मिसळली. सप्टेंबरमध्ये लिव्हिंग्स्टन परत टेटेकडे निघाला.