न पाहिलेल्या घराची किंमत

१९२०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या घाऊक भाजीबाजारात फ्रेडरिक वॉ नावाचा कृषी-अर्थतज्ज्ञ ॲस्परॅगसच्या जुड्यांना पट्टी लावत होता. देठ केवढे आहेत, सगळे सारखे आहेत का, देठाचा हिरवा भाग किती इंचांचा, हे तो टिपायचा आणि जुडी कितीला गेली ते शेजारी लिहायचा. हिशेब मांडल्यावर त्याला दिसलं, की हिरवेपणाच्या प्रत्येक जादा इंचामागे गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. इंचाचा असा भाव कुणा व्यापाऱ्याने ठरवला नव्हता, कुठल्या पाटीवर लिहिलाही नव्हता. पण तो सौद्यांमध्ये मुरलेला होता आणि गणिताने तो बाहेर काढता आला.

मला हा शोध आजही थक्क करतो. संगणकाच्या पडद्यावर घराची किंमत सांगणारी यंत्रणा याच विचारावर उभी आहे. जुडीच्या जागी घर ठेवा आणि इंचांच्या जागी चौरस फूट, खोल्या, न्हाणीघरं, अंगणाचा आकार, बांधकामाचं वर्ष. लाखो व्यवहार एकत्र पाहिले की एका जादा खोलीला त्या वस्तीत काय मोल आहे, ते आपोआप उमटतं.

सिएटलच्या झिलो कंपनीने २००६मध्ये ‘झेस्टिमेट’ नावाने हा आकडा लोकांना फुकट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्यात चार कोटींहून जास्त घरं होती. आज दहा कोटींच्या वर आहेत. अमेरिकेत हे जमलं, कारण तिथल्या बहुतेक राज्यांत घर कितीला विकलं गेलं आणि त्यावर कर किती बसतो, या नोंदी कुणालाही पाहता येतात. टेक्सस किंवा युटामध्ये विक्रीची किंमत जाहीर करण्याची सक्ती नाही, त्यामुळे तिथे यंत्राच्या हाती फारच कमी लागतं. आपल्याकडच्या रेडी रेकनरशी मात्र याची गल्लत करू नये. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी विभागवार दर ठरवून देतो. झेस्टिमेट एकेका घराचा आकडा सांगतो आणि तो सतत बदलत राहतो. २०१९पासून तर हे यंत्र फोटोही वाचू लागलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्रॅनाइट आहे की साधं लॅमिनेट, हे ते चित्रावरून ओळखतं!

मग या आकड्यावर विसंबावं किती? कंपनी स्वतःच आपली चूक जाहीर करते, हे मला मोलाचं वाटतं. विकायला न काढलेल्या घरांच्या बाबतीत मध्यक चूक साधारण सात टक्के आहे. म्हणजे निम्म्या घरांचा अंदाज प्रत्यक्ष विक्रीच्या सात टक्के अलीकडे-पलीकडे पडतो आणि उरलेल्या निम्म्यांचा त्याहून लांब. चार लाख डॉलरच्या घरावर सात टक्के म्हणजे अठ्ठावीस हजार डॉलर. उंबरठाही न ओलांडता इतकं जवळ पोहोचणं हे नवल आहे. पण ते ‘निम्म्यांचं’ आहे, आणि आपलं घर कोणत्या निम्म्यात बसतं हे तो आकडा सांगत नाही. २०१६मध्ये झिलोचे तेव्हाचे प्रमुख स्पेन्सर रॅस्कॉफ यांचं सिएटलमधलं घर साडेदहा लाख डॉलरला विकलं गेलं. त्यांच्याच कंपनीचा अंदाज होता साडेसतरा लाख.

घर विकायला काढलं, की हीच चूक दोन टक्क्यांच्या आसपास येते. यंत्र एका रात्रीत शहाणं होत नाही. मालकाने आणि एजंटाने घर हिंडून, शेजारपाजारचे सौदे पाहून जी किंमत मागितली, ती आता यंत्राच्या हाती आलेली असते. यात यंत्राला कमी लेखायचं कारण नाही, माणसंही तेच करतात. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये एकच घर वेगवेगळ्या मागणीच्या किमती सांगून अनुभवी एजंटांना दाखवलं होतं. १९८७मध्ये त्या प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला: सांगितलेली किंमत जितकी चढी, तितका एजंटांचा अंदाज चढा. आणि त्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला, हे त्यांतल्या बहुतेकांना मान्य नव्हतं.

अंदाज सुधारण्यासाठी झिलोने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. २०१९मध्ये ते अमेरिका, कॅनडा आणि मोरोक्कोतल्या तिघांच्या संघाने जिंकलं. रस्त्यावरचा गोंगाट, कामावर पोहोचायला लागणारा वेळ, अशा गोष्टीही त्यांनी हिशेबात धरल्या होत्या.

पण खरी कसोटी लागली ती कंपनी स्वतःच घरं विकत घेऊ लागली तेव्हा. २०१८मध्ये हा धंदा सुरू झाला. २०२१च्या फेब्रुवारीपासून काही शहरांत झेस्टिमेट हाच पहिला रोख भाव म्हणून पुढे केला जाऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने हा सगळा कारभार बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका तिमाहीत घरांचं मूल्य तीस कोटी डॉलरहून जास्त घटवून दाखवावं लागलं आणि सुमारे पाव कर्मचाऱ्यांना घरी बसावं लागलं. पुढच्या किमतींचं भाकीत वाटलं त्याहून फार अवघड निघालं, असं कारण देण्यात आलं.

ते खरंच आहे. पण अशा खरेदीला आणखी एक धोका असतो, आणि त्याचं गणित मला विलक्षण वाटतं. कागदावर तंतोतंत सारखी दोन घरं घ्या, यंत्राच्या लेखी दोन्ही चार लाखांची. पहिल्याचं छप्पर नवं आहे, घरात दिवसभर ऊन येतं, ते चार लाख तीस हजारांना सहज जाईल. दुसऱ्याच्या तळघरात पावसाळ्यात पाणी झिरपतं, त्याचे तीन लाख सत्तर हजारच येतील. दोन्ही चुका बेरजेत शून्य होतात. आता दोघांनाही चार लाख रोख देऊ करा. पहिला मालक मान हलवून नकार देईल. दुसरा त्याच संध्याकाळी सही करेल, आणि कंपनीच्या पदरात तीस हजारांचा तोटा पडेल.