सातपुड्यावरून उडताना

हेलिकॉप्टरमधून डोंगर पाहावयाचे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. शुभ्र शिखरे, त्यांच्या कुशीतून सरकत येणारी हिमनदी, आणि त्या विस्तारावर टोळाएवढे दिसणारे यान! परंतु डोंगरावरून उडण्यासाठी हिमालयच गाठावा लागतो असे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने पर्यटकांसाठी हेलिकॉप्टर सेवेचा भोपाळ येथे प्रारंभ केला. तिच्या मार्गांपैकी एक भोपाळहून मढईवरून पचमढीला जातो. सडकेने हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. घाट धरता चार-पाच तास सहज मोडतात. नागपूरकडील जुन्या घराण्यांना पचमढी अपरिचित नसावी. उन्हाळा लागला की मध्य प्रांताचे सरकार आपले दप्तर गुंडाळून याच थंड पठारावर मुक्कामास जात असे.

भोजराजाच्या नावाशी जोडलेला भोपाळचा मोठा तलाव मागे पडला, की विंध्याच्या बुटक्या टेकड्या लागतात. त्या उतरताच नर्मदेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे येते आणि हिवाळ्यात तेथे गव्हाची हिरवी चौकट दूरवर पसरलेली असते. पुढे तवा धरणाचे पाणी, त्याच्या काठचे मढईचे अरण्य, आणि मग एकाएकी सातपुड्याची भिंत. पचमढीचे तांबूस कडे, त्यांना चिरून गेलेल्या खोल दऱ्या आणि १३५० मीटर उंचीचा धूपगड ही सातपुड्याची सर्वांत उंच जागा. सडकेवरून जाणाऱ्याला दरी एका बाजूने दिसते. वरून पाहणाऱ्याला ती पाण्याने कशी कापली हे उमजते.

हिम मात्र येथे कोठेच नाही. निदान आज नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका तिला जोडलेली होती, आणि या प्रदेशावर हिमाचे थर पसरले होते. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासतात, ओरखडे काढतात, आणि स्वतःही एका अंगाने गुळगुळीत होतात. हिम वितळले म्हणजे लहानमोठे सारे दगड बारीक गाळात एकत्र पडून राहतात. नदी असे कधी करीत नाही. ती दगड निवडून, वजनाप्रमाणे मांडून ठेवते. अशा दगडगाळाचे थर प्रथम ओरिसातील तालचेर येथे १८५६ साली ओळखले गेले आणि त्यांना तेच नाव मिळाले. सातपुड्याच्या खडकांच्या तळाशीही ते आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे तर हिमाने घासलेला चुनखडकच उघडा सापडला. त्या प्राचीन महाभूमीला जगभर ‘गोंडवन’ म्हणतात. हा शब्द सातपुड्यातल्या गोंड लोकांच्या नावावरूनच घेतलेला आहे, ही गोष्ट आपल्या शाळांतून अधिक ठसवून सांगावयास हवी.

आता यंत्राविषयी. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली रेटतात आणि त्या बळावर यान वर तरते. उंचावर हवा विरळ होते. पचमढीला समुद्रसपाटीच्या मानाने ती सुमारे नऊ दशांश उरते, तर ३५८३ मीटरवरील केदारनाथला सात दशांशच. म्हणजे पाती तितकीच फिरूनही आधार कमी, आणि इंजिनाचा दमही कमी. तापलेली हवाही विरळच असते. म्हणून माणसांचे व सामानाचे वजन आधी घेतले जाते आणि जास्त भरल्यास एखादा प्रवासी खाली उतरविला जातो. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. १४ मे २००५ रोजी दिदिए देल्साल या फ्रेंच वैमानिकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकविले, तेव्हा यान शक्य तितके हलके केलेले होते आणि आत तो एकटाच होता.

वजनाहून मोठा शत्रू म्हणजे ढग. डोंगरी मार्गावर वैमानिक बव्हंशी डोळ्यांनीच वाट काढतो. ढग उतरला की समोरचा कडा दिसेनासा होतो. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या रानात कोसळले. आतील सातही जण दगावले. त्यांत दोन वर्षांचेही न झालेले एक मूल होते, आणि विदर्भातून यात्रेस गेलेले लोकही होते. त्या वेळी दरीत हवा धूसर होती.

सातपुडा हिमालयाएवढा उंच नाही, म्हणून तेथील उड्डाण त्या मानाने सोपे. परंतु पावसाळ्यात पचमढीचे कडे ढगांत बुडालेले असतात, आणि ढगाला डोंगराच्या उंचीचे सोयरसुतक नसते. वैमानिकाने ‘आज नको’ म्हटले तर हुज्जत घालणारा, पैसे भरल्याचे सांगणारा, परतीच्या गाडीची वेळ दाखविणारा प्रवासी आपल्याबरोबर इतरांच्या मुलाबाळांनाही पणाला लावतो. घरातील वडीलधाऱ्यांनी निघण्यापूर्वीच एक दिवस जादा धरावा, म्हणजे ही घाई मुळातच उरत नाही.

आणि उड्डाण रद्द झालेच, तर भोपाळहून पिपरियापर्यंत आगगाडी आहे. तेथून मोटारीने सुमारे ५० किलोमीटरचा घाट चढला की पचमढी.