स्थिर आवृत्तीची बाजू

मोंढ्यातला अनुभवी हमाल ट्रकला लावलेल्या नव्या कोऱ्या फळीवर पाठीवर पोते घेऊन एकदम चढत नाही. रिकाम्या अंगाने एकदा वर जाऊन येतो, फळी किती लवते ते पाहतो, आणि मगच पोत्याला हात घालतो. संगणकाच्या प्रोग्रामलाही अशा फळ्या असतात, हे आम्हांस अंबडच्या हमालांच्या हिशेबानेच शिकवले. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही; जे कळले ते विचारून आणि वाचून कळले. तेव्हा जाणकार श्रोत्यांनी शब्दांतले कमीअधिक सांभाळून घ्यावे.

१९६९च्या माथाडी कायद्याप्रमाणे हमालाची मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळामार्फत जाते. भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस हे सारे त्या हिशेबावर अवलंबून असते. म्हणून कोणी कोणत्या दिवशी किती पोती उचलली याची आपली वेगळी नोंद आमची युनियन ठेवते. त्यासाठी एका सभासदाच्या मुलाने विनामूल्य प्रोग्राम करून दिला आणि तो काही वर्षे बिनतक्रार चालला. पुढे जुने यंत्र बिघडले, नव्या यंत्रावर प्रोग्राम चढवला, आणि एप्रिलच्या चिठ्ठ्या वाटताच आरडाओरड झाली. तीन एप्रिलला उचललेली तुरीची पोती चार मार्चच्या खात्यात पडली होती. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत तारीख आणि महिना यांची अशी अदलाबदल झालेली. तेराव्या दिवसापासून मात्र सारे ठीक, कारण तेरावा महिना नसतो! काट्याच्या पावत्या घेऊन तीन रविवार आम्ही हाताने हिशेब जुळवला.

चूक कोठे होती? आजकाल कोणीही प्रोग्राम मुळापासून लिहीत नाही. तारीख वाचणे, बेरीज मांडणे, चिठ्ठी छापणे यांसाठी इतरांनी लिहून जगाला खुले केलेले तुकडे घेतात आणि त्यांवर आपले काम उभे करतात. या तुकड्यांना डिपेंडन्सी म्हणतात. आपण त्यांना आधार म्हणू. आमच्या मुलाने आधारांची यादी लिहिली होती, पण कोणत्या आधाराची कितवी आवृत्ती, हे लिहिले नव्हते. म्हणून नव्या यंत्राने जी सर्वांत ताजी मिळाली ती उतरवून घेतली. तारीख वाचणाऱ्या आधाराच्या कर्त्याने आपली रीत बदलली होती आणि तसे जाहीरही केले होते. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आम्ही ते वाचले नव्हते.

आमचे नुकसान तीन रविवारांचे. २०२४च्या मार्चमध्ये साऱ्या जगाचे व्हायचे होते. एक्सझेड नावाचा, फायली दाबून लहान करणारा एक छोटा आधार आहे. तो लासे कोलिन हे एकटे गृहस्थ फावल्या वेळात, पगाराविना सांभाळीत. जिया तान या नावाने कोणी एक मदतनीस पुढे आला, दोन वर्षांहून अधिक काळ काम करून त्याने विश्वास मिळवला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता बिंग फुटले. (साऱ्या जगाचा भार एका बिनपगारी माणसाच्या खांद्यावर, याबद्दल युनियनवाल्याने काय बोलावे! तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.)

त्या वेळी कोण वाचले ते पाहा. १९९३पासून स्वयंसेवकांनी चालवलेली डेबियन नावाची कार्यप्रणाली आहे. तिच्या चाचणीच्या आणि अस्थिर शाखांत ती बाधित आवृत्ती शिरली होती. स्थिर शाखेत ५.४.१च होती, म्हणून ती शाखा वापरणारे सुखरूप राहिले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणालीही डेबियनवरच उभी आहे. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्ट या खुल्या हिशेब-प्रणालीतही हीच वाटणी दिसते: घडवणाऱ्यांची शाखा निराळी, आणि दुकान-कारखाना चालवणाऱ्यांसाठी क्रमांक घातलेल्या आवृत्त्या निराळ्या.

पण स्थिर म्हणजे जुने पडून राहिलेले, असे कोणी समजू नये. ही गल्लत आमचीही झाली होती. त्या एप्रिलनंतर आम्ही इतके धास्तावलो, की काहीच बदलायचे नाही असा कार्यालयात हुकूमच काढला. तो हुकूम चुकीचा होता. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात तिच्यात नव्या सोयी घालत नाहीत, पण सुरक्षेचे भोक सापडले की तेवढी दुरुस्ती जुन्याच आवृत्तीला जोडून देतात. फळी तीच ठेवून मोडका खिळा तेवढा बदलावा, तसे हे. जी आवृत्ती सांभाळणारे कोणी उरलेले नाही ती स्थिर नव्हे, बेवारस होय. अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीने २०१७ साली स्ट्रट्स या आधाराची दुरुस्ती मार्चमध्ये निघूनही लावली नाही. मेपासून चोर आत होते आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती गेली. म्हणजे ताज्याच्या मागे धावणाऱ्याइतकाच, निजून राहणाराही बुडतो.

नव्या सोयी हव्यात, असे तरुण कार्यकर्ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. नव्याची परीक्षा कोणी घेतलीच नाही तर पुढची स्थिर आवृत्ती तयार तरी कशी होणार? आमचे म्हणणे एवढेच, की ती परीक्षा हमालाच्या मजुरीवर घेऊ नये.

आता आमच्या यादीत प्रत्येक आधारापुढे आवृत्तीचा क्रमांक आहे. सुरक्षेची दुरुस्ती आली तर त्याच आठवड्यात लावतो. मोठी नवी आवृत्ती आली तर वेगळ्या यंत्रावर मागच्या वर्षाचे सारे आकडे घालून दोन्हींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून ताडून पाहतो. आणि हे काम आषाढात, मोंढा रिकामा असताना. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या गाड्या लागलेल्या असताना कशालाही हात लावीत नाही. गेल्या आषाढात अशी परीक्षा घेतली, तेव्हा नव्या आवृत्तीत एकाच नावाच्या दोघा हमालांची खाती एक झालेली आढळली. ती आवृत्ती तशीच बाजूला ठेवली आहे आणि चूक तिच्या कर्त्यांना कळवली आहे.