थाई 'वाय' मालिका पाहताना

थायलंडमध्ये या मालिकांना 'वाय' म्हणतात. जपानी 'याओई' शब्दाचे ते आद्याक्षर. दोन तरुणांमधली प्रेमकथा हा त्यांचा गाभा. २०१४ च्या 'लव्ह सिक'ने वाट पाडली, २०१६ च्या 'सोटस'ने ती रुळवली आणि २०२० मध्ये 'टुगेदर'ने ती देशाबाहेर नेली.

सबटायटल्समधून हमखास निसटतात ती संबोधने. वयाने मोठ्याला 'फी', धाकट्याला 'नोंग'. आपल्या 'दादा'सारखाच हा 'फी', पण तिथे तो प्रियकरालाही चालतो. एखाद्याच्या तोंडी हा शब्द पहिल्यांदा आला, किंवा अचानक गळला, की दोघांतले अंतर बदललेले असते. म्हणून वाचता वाचता ऐकतही राहा.

परीक्षण लिहिणाऱ्याने संमतीचा मुद्दा टाळू नये. सुरुवातीच्या अनेक मालिकांत जबरदस्तीही प्रेम म्हणून खपवली गेली. नायक कितीही देखणे असोत, हा दोष स्पष्ट शब्दांत लिहायलाच हवा. 'बॅड बडी' (२०२१-२२) इथेच उजवी ठरते. वैर धरलेल्या दोन घरांतली मुले त्यात बरोबरीच्या नात्याने प्रेमात पडतात.

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर आहे. त्याआधीच्या मालिकांतली घरच्यांची भीती पाहताना ही तारीख ध्यानात असू द्या.

नव्या प्रेक्षकाने 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू'पासून (२०२०) सुरुवात करावी. फुकेतमध्ये घडणारी, चिनी भाषेच्या अभ्यासातून दुरावलेल्या दोन मित्रांना जवळ आणणारी ही कथा अवघ्या पाच भागांची आहे.