शेवटच्या खंडावर रुसलेले वाचक

अनेक खंडांतून चालत आलेल्या कथेचा शेवटचा खंड समाधानाने मिटणारा वाचक विरळाच. कथा संपल्याचे दुःख असते आणि ती आपल्या मनासारखी संपली नाही, ही तक्रारही असते. १८९३ साली आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरीत पाडून मालिका संपवली, तेव्हा इंग्लंडातील वाचकांनी एवढा संताप व्यक्त केला की दहा वर्षांनी लेखकाला आपला नायक पुन्हा उभा करावा लागला. आपल्याकडे अलीकडच्या काळात अशीच खळबळ उडवून दिली ती अमीश त्रिपाठी यांच्या शिव-त्रयीच्या अखेरच्या खंडाने. ‘वायुपुत्रांची शपथ’ हा तो खंड. मूळ इंग्रजी पुस्तक २७ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाले. पुढे ही त्रयी मराठीतही आली आणि इंग्रजी वाचणारी नवी पिढी व मराठी वाचणारी वडीलधारी मंडळी एकाच कथेवर बोलू लागली.

या कथामालेचा जन्मही व्यापारी कुटुंबांना कौतुक वाटावे असाच आहे. मुंबईत जन्मलेले अमीश हे कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत शिकलेले आणि वित्तक्षेत्रात नोकरी करणारे गृहस्थ. पहिले पुस्तक वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारले, तेव्हा २०१० मध्ये ते स्वतःच्या हिमतीवर बाजारात आणले गेले. पहिल्या प्रकरणाच्या प्रती पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटल्या. नमुना पाहून गिऱ्हाईक माल घेते, हा आपल्या पेढीवरचा जुना अनुभव त्यांनी पुस्तकाला लावला आणि तो खरा ठरला.

तक्रारी काय होत्या?

दुसरा खंड ऑगस्ट २०११ मध्ये आला आणि तो ज्या ठिकाणी येऊन थांबला, ते ठिकाण खानदेशाच्या अगदी शेजारचे: गोदावरीकाठची पंचवटी. तेथे मृत समजला गेलेला मित्र बृहस्पती शिवापुढे जिवंत उभा राहतो आणि पुस्तक संपते. उत्तरासाठी वाचकांना दीड वर्ष थांबावे लागले. एवढ्या प्रतीक्षेनंतर अपेक्षांचे ओझे कोणत्याही पुस्तकाला जड जाणारच.

काहींना युद्धाच्या आखणीची पानेच्या पाने कंटाळवाणी वाटली. प्राचीन पात्रांच्या तोंडी आजच्या कचेरीतली भाषा अनेकांना खटकली. काहींचा आक्षेप श्रद्धेचा होता. ज्यांना आपण देव मानतो, त्यांना हाडामांसाचा, रागावणारा, चुकणारा माणूस म्हणून रंगवावे काय, असे त्यांनी विचारले. परंतु सर्वांत अधिक दुखावले ते दोन गोष्टींनी. पहिली सतीचा मृत्यू. पित्याने शांततेच्या बोलणीचे निमंत्रण द्यावे, पतीच्या अनुपस्थितीत लेकीने विश्वासाने जावे आणि पतीसाठी रचलेल्या कपटाला ती बळी पडावी, हे अनेकांना सोसवले नाही. वास्तविक सतीची कथा पुराणातही दुःखान्तच आहे. ती ठाऊक असूनही वाचक शेवटच्या पानापर्यंत आशा धरून राहिले, ही लेखकाच्या लेखणीला मिळालेली पावतीच म्हणावी लागेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तीन खंड वाचक दुष्टाचा शोध घेत होता. रावण किंवा कंसासारखा कोणी सापडेल आणि त्याचा वध होऊन कथा संपेल, अशी त्याची समजूत होती. सापडला तो सोमरस. माणसाला दीर्घायुष्य आणि आरोग्य देणारे, मेलुहाच्या वैभवाचा पाया असलेले पेय! ते तयार करण्यासाठी सरस्वतीचे अमाप पाणी खर्ची पडते आणि नदी आटत जाते. त्याचे विषारी अवशेष तिबेटात नदीत सोडले जातात, तीच नदी ब्रह्मपुत्रा होऊन खाली येते आणि ब्रंगा प्रदेशात रोगराई माजते. सोमरसाच्याच दोषामुळे काही बालके व्यंग घेऊन जन्मतात, त्यांना नाग म्हणून समाजाबाहेर टाकले जाते. सोमरसाचे समर्थन करणारे महर्षी भृगू दुष्ट नाहीत. ते प्रामाणिकपणे त्याला कल्याणकारी मानतात. सेनापती पर्वतेश्वर शिवाला वंदनीय मानतो, पण जन्मभूमीचे कर्तव्य म्हणून त्याच्याविरुद्ध लढतो. मग राग काढायचा कोणावर? वाचकांची खरी अडचण ही होती.

द्वारकेची आठवण

अखेरीस शोकाने पेटलेला शिव पाशुपतास्त्राने देवगिरी नगरी नष्ट करतो. सामान्य नागरिकांना आधी बाहेर काढले जाते, सोमरसाचे ज्ञान जाणणाऱ्यांना वाचवले जाते. पर्वतेश्वर मात्र आपल्या नगरीबरोबर संपणे पसंत करतो. हा शेवट न्यायाचा की सूडाचा, यावर वाचकांत दोन तट पडले. सोमरस संपवणे आवश्यक होते, हे मान्य करणारेही विचारतात, सती जिवंत असती तर हे अस्त्र सुटले असते काय?

आपल्या घरांत हा प्रसंग वाचताना द्वारकादहनाची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. हरिवंशाच्या जैन परंपरेत भगवान नेमिनाथ सांगतात की मद्याच्या निमित्ताने आणि द्वैपायनाच्या क्रोधाने द्वारका जळेल. मद्य नगराबाहेर फेकून दिले जाते, तरी ते यादवकुमारांच्या हाती लागते. उन्मत्त होऊन ते द्वैपायनाचा छळ करतात आणि सोन्याची नगरी भस्म होते. येथेही एक पेय आहे, एक क्रोध आहे आणि एक जळते नगर आहे. फरक पुढे आहे. श्रीकृष्णाच्या मृत्यूनंतर बलराम भावाचे शव खांद्यावर घेऊन सहा महिने हिंडतात. सिद्धार्थ देव त्यांना समजावतो, ते उपदेशाने नव्हे, तर दगडावर कमळ लावण्यासारख्या व्यर्थ खटाटोपाचे दृश्य दाखवून. बलराम भानावर येतात आणि दीक्षा घेतात. शोकाची वाट शस्त्राकडे जाते तशी ती वैराग्याकडेही जाऊ शकते, हे त्या कथेने पूर्वीच सांगून ठेवले आहे. ती ऐकत वाढलेल्या वाचकाला देवगिरीचा शेवट अपुरा वाटला, तर त्यात नवल नाही.

पेढीवरचा प्रश्न

तरीही या खंडाचे मोल कमी होत नाही. वाचकांना जे सर्वांत अधिक खुपले, तेच त्यातील सर्वांत मौलिक आहे, असे मला वाटते. दुष्ट माणसाची कथा वाचून आपण निर्धास्त झोपतो, कारण आपण दुष्ट नसतो. सोमरसाची कथा मात्र झोप उडवते. ती विचारते की ज्या मालाने लोकांचे भले केले, ज्याने घराण्याला नाव दिले, त्याचेच अवशेष कोणाच्या तरी अंगणात विष होऊन पडत असतील, तर ते पाहायला कोणी जायचे? आणि पाहून आल्यावर ‘आता थांबा’ असे कोणी म्हणायचे?

जळगाव-धुळ्यात हा प्रश्न परका नाही. गिरणा आणि पांझरेची उन्हाळ्यातली कोरडी पात्रे आपण पाहतो. डाळमिल, जिनिंग, प्लॅस्टिक, रंग, खते, औषधे यांपैकी कोणत्या ना कोणत्या व्यवसायाशी आपल्या घरांचा संबंध असतो. यांतले काहीही मुळात वाईट नाही, सोमरसही नव्हता. श्रावकाच्या आचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत आणि त्यांत विषवाणिज्य आहे. पण उघड विष ओळखणे सोपे असते. अमृत म्हणून विकलेल्या वस्तूचे विष केव्हा झाले, हे ओळखण्यासाठी हिशेबाच्या वहीबाहेर पाहावे लागते. आणि ते बहुधा घरातली तरुण मंडळीच आधी पाहतात, जशी कथेत सोमरसाच्या निर्मितीचा प्रमुख शास्त्रज्ञ बृहस्पती यानेच ती थांबवण्याचा ध्यास घेतला.

म्हणून ज्या घरात ही त्रयी आली असेल, तेथे शेवटचा खंड मुलांनी एकट्याने वाचून कपाटात ठेवू नये. पर्युषणात किंवा चातुर्मासातील एखाद्या निवांत संध्याकाळी आजोबांनी द्वारकेची कथा सांगावी आणि नातवाने देवगिरीची. शिवाचे चुकले की नाही, यावर वाद झाला तर होऊ द्यावा. पर्वतेश्वराने धन्याशी निष्ठा राखली ती योग्य की अयोग्य, यावर वडील आणि मुलगा यांचे एकमत बहुधा होणार नाही. पण त्या वादातून एखाद्या दिवशी मुलाने गोदामामागच्या नाल्याविषयी विचारले, तर वडिलांनी त्याला गप्प बसवू नये, एवढेच मागणे.