मिरची जेव्हा कॅप्सूलमध्ये शिरते

तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबादची ओळख लाल मिरचीची बाजारपेठ अशी आहे. हंगामात ढिगांजवळून जाताना पाहुण्याच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागते. मिरचीतील हे झोंबणारे द्रव्य म्हणजे कॅप्सिसिन. वजन घटवण्यासाठी व्यायामशाळांतून खपणाऱ्या 'फॅट बर्नर' कॅप्सूलमध्ये ते बऱ्याचदा कॅफीनच्या जोडीला असते. 'आम्ही तर रोज मिरची खातो, मग गोळीने काय होणार?' हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकच ठरतो.

मात्र ठेच्याचा तिखटपणा जिभेलाच कळतो आणि माणूस आपसूक हात आखडता घेतो. कॅप्सूलमध्ये हा पहारेकरीच नाही. कॅप्सिसिन अॅड्रेनलिनचे स्रवण वाढवते, त्यामुळे नाडी जलद होऊ शकते. तुर्कस्तानातील डॉक्टरांनी २०१२ मध्ये एका २५ वर्षीय तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. वजन कमी करण्यासाठी मिरचीच्या गोळ्या घेतल्यानंतर त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' हा दावा तपासून पाहायला तेवढे कारण पुरेसे आहे.

असा धडा जगाने यापूर्वीही घेतला आहे. इफेड्रा ही चिनी वैद्यकातील जुनी वनस्पती. अमेरिकेत ती वजन घटवणाऱ्या गोळ्यांतून सर्रास विकली जात असे. फेब्रुवारी २००३ मध्ये बेसबॉलपटू स्टीव्ह बेचलर उष्माघाताने दगावला आणि त्यात इफेड्राचाही हात असल्याचे शवचिकित्सकांनी सांगितले. २००४ मध्ये तिच्यावर बंदी आली. उत्पादकांनी मग कडू संत्र्यातील सिनेफ्रिनकडे मोर्चा वळवला. द्रव्य बदलले, पण हृदयाला चाबूक मारण्याचे तत्त्व तेच राहिले.

हिशेब मांडायचा तर कॅफीनपासून सुरुवात करणे सोयीचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. चहाच्या कपात ३० ते ६५, तर गाळलेल्या कॉफीच्या कपात ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. व्यायामापूर्वी घ्यायच्या काही भुकट्यांच्या एका मापात २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. दिवसभरात चार चहा घेणाऱ्याने त्यावर हे माप घेतले, की मर्यादा ओलांडलीच! युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळची मर्यादा २०० मिलिग्रॅम मानली. रक्तदाब, थायरॉइड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना हे आकडे लागू धरता येत नाहीत.

मिश्रणाचा हिशेब त्याहून अवघड. २०१५ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कॅफीन आणि जिनसेंग एकत्र असलेल्या काही एनर्जी ड्रिंक्सना दिलेली परवानगी मागे घेतली, ती मुख्यतः या संयोगाला शास्त्रीय आधार नसल्याच्या कारणाने. मग मिरची, कॅफीन आणि कडू संत्रे एकाच गोळीत असतील, तर तिघांचा मिळून परिणाम कोणी तपासला आहे, हे विक्रेत्याला विचारायलाच हवे.

डब्यावर १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे. पण तो क्रमांक उत्पादकाची नोंद दाखवतो, गोळीची चाचणी नव्हे. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असे लिहून केवळ एकूण वजन दिले असेल, तर प्रत्येक द्रव्याची मात्रा कळतच नाही, आणि मात्रा ठाऊक नसताना वरचा सारा हिशेब मांडताच येत नाही. असा डबा दुकानातच ठेवावा. गोळी घेतल्यावर छातीत दुखले, धडधड वाढली किंवा चक्कर आली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांकडे जावे, आणि डबा सोबत न्यावा.