मॅच संपली, आता हातातल्या झेंड्याचं काय करायचं?

सुरतहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. इथे औद्योगिक वसाहत आहे आणि पुढे गेलं की हजिऱ्याचे मोठे कारखाने. पॉलिएस्टरचा कच्चा माल आणि धागा तिथे तयार होतो. असल्याच धाग्याचं कापड उधना, पांडेसरा, लिंबायत भागात विणलं आणि रंगवलं जातं. तिथे नंदुरबार, धुळे, जळगावची किती माणसं राबतात हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. घरटी नाही तरी गल्लीत एकजण सुरतला असतोच.

आता हे सगळं काढायचं कारण म्हणजे २०३०. त्या वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला द्यायच्या, यावर २६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोत शिक्कामोर्तब झालं. अहमदाबादच्या एकट्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये १ लाख ३२ हजार माणसं बसतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला ते कसं निळंशार झालं होतं ते आपण टीव्हीवर पाहिलंच. जर्सी, टोपी, झेंडा, फुगवून वाजवायच्या काठ्या, पाण्याचा ग्लास. यातलं कापडाचं बरंचसं काम सुरतकडे येईल, असं धरायला हरकत नाही. मग प्रश्न असा, की चार तासांनी ही वस्तू खुर्चीखाली पडणार की घरी जाणार? ते प्रेक्षकाच्या शिस्तीवर थोडं आणि वस्तू कशी बनवली यावर जास्त अवलंबून असतं.

‘बाटल्यांपासून बनवलेली जर्सी’ हे आपण ऐकलेलं असतं. २०१५ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचा जो पोशाख आला, त्याच्या एका जोडीत सरासरी ३३ प्लॅस्टिक बाटल्या वापरल्याचं नायकेनं सांगितलं होतं. चांगली गोष्ट आहे. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. बाटलीची जर्सी झाली की ती वाट बहुतेक तिथेच संपते. जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे बनण्याचं प्रमाण जगात १ टक्काही नाही.

कारण भेसळ. कापड पॉलिएस्टर-कॉटन मिक्स, त्यावर रबरासारखा छापलेला लोगो, गळ्याला इलॅस्टिक, बटण वेगळंच. हे सुटं करत कोण बसणार? सुरतला यावर एक उपाय हाताशी आहे, सब्लिमेशन प्रिंटिंग. यात रंग साधारण २०० अंशांच्या आसपास तापवला की त्याची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यातच शिरते. वर वेगळा थर बसत नाही. कापड पॉलिएस्टर, शिलाईचा दोरा पॉलिएस्टर, लेबलही त्याचंच. म्हणजे सगळा माल एकाच जातीचा राहतो. सुती कापडावर हे जमत नाही, हेही लक्षात ठेवावं.

तिरंग्याचं प्रकरण जरा नाजूक आहे. ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ ला बदल झाला आणि पॉलिएस्टरचे, मशीनवर बनवलेले तिरंगे चालू लागले. २०२२ च्या ‘हर घर तिरंगा’च्या वेळी सुरतला मोठ्या ऑर्डरी आल्या त्या त्यामुळेच. पण त्याच संहितेत आहे की खेळाच्या सामन्यात कागदी झेंडे हलवता येतात, मात्र नंतर ते जमिनीवर टाकायचे नाहीत. झेंड्यावर काही लिहायचंही नाही, म्हणजे ‘नंदुरबार’ लिहून कॅमेऱ्यासमोर धरणं नियमात बसत नाही! खराब झालेला झेंडा खासगीत, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा असं म्हटलंय. आता पॉलिएस्टर जाळून बघा. वितळतं, ठिबकतं, काळा धूर. म्हणून टिकाऊ झेंडा बनवणं आणि विकताना त्याच्यासोबत घडी घालून न्यायची छोटी पिशवी देणं, एवढं तरी करता येईल.

काठीचंही तसंच. फुग्यांच्या प्लॅस्टिक काठ्या आणि प्लॅस्टिकचे झेंडे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, आणि सातपुड्यातला बांबू कितीही चांगला असला तरी काठी म्हटलं की बहुतेक ठिकाणी गेटवर अडवतात. मग झेंड्याच्या दोन कोपऱ्यांना नाड्याच लावाव्यात. बोटांत अडकवल्या की झालं.

जपानी प्रेक्षकांकडून एक युक्ती घेण्यासारखी आहे. फुटबॉल वर्ल्ड कपला ते निळ्या पिशव्या आणतात. मॅच चालू असताना हवा भरून त्या नाचवतात आणि संपल्यावर त्यातच कचरा गोळा करतात. एकच वस्तू, दोन कामं.

ग्लासाचं गणित मात्र वेगळं. स्टीलचा आत नेऊ देत नाहीत, कारण फेकून मारतील. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २ युरो डिपॉझिट घेऊन पुन्हा वापरायचे ग्लास दिले. आपल्या गोटी सोड्याच्या बाटलीसारखंच: बाटली परत केली की पैसे परत. पण काही ठिकाणी प्लॅस्टिक बाटलीतलंच पेय त्या ग्लासात ओतून दिलं जात होतं, त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. आधी पाण्याचे नळ पाहिजेत, ग्लास त्याच्यानंतर.

राहिली तारीख. टोपीवर सामन्याचा दिवस आणि समोरच्या संघाचं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी ती कुणी घालत नाही. त्यापेक्षा चांगल्या रुंदीचं उपरणं द्या. खान्देशातला माणूस उन्हात डोक्याला बांधेल, स्टेडियममध्ये हलवेल, घरी येऊन घाम पुसेल. असल्या वस्तूला ‘इको’चं लेबल लावायची पण गरज नाही.

आणि सॅम्पल तयार झालं की ते डिझायनरच्या आधी एखाद्या चिंधीवाल्याला दाखवावं. एकजातीचं कापड असेल तर तो लगेच भाव बोलतो. मिक्स असेल तर हात लावून परत ठेवतो.